गिरगावातलं ऑफिस लिनक्सवर : बॅकअप स्क्रिप्ट हाताने चालवली की चालते, क्रॉनमध्ये गप्प

गिरगावकर

नमस्कार मंडळी,

गिरगावातल्या एका छोट्या प्रकाशन कार्यालयातली तीन मशीन लिनक्स मिंट २२ सिनॅमनवर नेली आहेत. सहाव्या पिढीचे आय-थ्री, प्रत्येकी ८ जीबी रॅम. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ हे प्रोसेसर स्वीकारत नाही. लिब्रेऑफिस, स्क्रायबस, मेल हे सगळं सुरळीत चालू आहे. घोडं अडलंय ते बॅकअपपाशी.

मांडणी अशी. मुख्य मशीनमध्ये जुनी १ टीबीची एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टम) डिस्क आहे, सगळी हस्तलिखितं तिच्यावर. बाहेरून यूएसबीने जोडलेली दुसरी डिस्क ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टम) आहे, लेबल 'बॅकअप'. बॅश स्क्रिप्ट रूटच्या (सगळे हक्क असलेल्या खात्याच्या) क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीत, रात्री २ वाजता लावली आहे. स्क्रिप्टमध्ये आधी एमकेडिर डॅश पी ने मीडिया फोल्डरखाली जागा तयार होते, मग फाइली नकलणारा आरसिंक डॅश ए व्ही डबल डॅश डिलीट (मूळ जागी नसलेलं बॅकअपमधूनही पुसणारा पर्याय). क्रॉनच्या ओळीच्या शेवटी आता लॉग फाइल जोडली आहे आणि तिच्या नावात डेट कमांडने तारीख टाकली आहे. संध्याकाळी मशीन रीस्टार्ट करून लॉगिन स्क्रीनवर सोडतात. शनिवार-रविवार मेन स्विच बंद.

लक्षणं:
टर्मिनलमधून सूडो लावून चालवली की पूर्ण चालते. क्रॉनमध्ये काहीच होत नाही, लॉग फाइलसुद्धा तयार होत नाही.
फाइल मॅनेजरमध्ये डिस्क कधी 'बॅकअप' म्हणून दिसते, कधी 'बॅकअप१'.
काही हस्तलिखितांवर 'फाइल नेम टू लाँग' येतं. विंडोजमध्ये त्याच फाइली बिनतक्रार उघडायच्या.
एनटीएफएस डिस्क मधूनच रीड-ओन्ली होते.
अपडेटनंतर लेझरजेट १०२० प्रिंटर गप्प. काम रांगेतून जातं, कागद येत नाही.

कमांड मुद्दाम उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. ऑफिसात फोनवरून वाचून दाखवायला तशाच लागतात. उत्तरंही तशीच दिलीत तर बरं.

शेलधारी

पाच लक्षणांना पाच वेगळी कारणं आहेत. एकेक घेऊ, आधी क्रॉन.

क्रॉनटॅबच्या ओळीत पर्सेंटचं चिन्ह साधं नसतं. पहिल्या पर्सेंटपाशी क्रॉन कमांड तोडतो आणि पुढचा मजकूर त्या कमांडला इनपुट म्हणून देतो. तुमच्या ओळीत 'डेट अधिक पर्सेंट एफ' आहे. म्हणजे शेलला मिळालं ते 'डॉलर कंस डेट अधिक' एवढंच, कंस बंदच झाला नाही. शेल तिथेच सिंटॅक्स एरर देऊन थांबला. स्क्रिप्टला हातही लागलेला नाही, मग लॉग कुठून येणार?

चूक दिसली का नाही, तर क्रॉन स्वतःचं आउटपुट मेलने पाठवतो आणि मिंटमध्ये मेल सर्व्हर बसवलेला नसतो. खात्री करायची असेल तर जर्नलसीटीएल डॅश यू क्रॉन चालवा. 'नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट' अशी ओळ दिसेल. तक्रार झाली होती, पण ती कचऱ्यात गेली.

पर्सेंटच्या आधी बॅकस्लॅश दिला की हे सुटतं. त्यापेक्षा चांगलं म्हणजे क्रॉनच्या ओळीत फक्त स्क्रिप्टचा पूर्ण पाथ ठेवायचा. तारीख, लॉग वगैरे सगळं स्क्रिप्टच्या पोटात. आणखी दोन गोष्टी. क्रॉनचा पाथ यूएसआर-बिन आणि बिन एवढाच असतो, त्यामुळे यूएसआर-लोकल-बिनमध्ये ठेवलेलं काहीही त्याला सापडत नाही. क्रॉनटॅबची ओळ डीफॉल्टने एसएच चालवतो आणि डेबियन-उबुंटू घराण्यात एसएच म्हणजे डॅश हा शेल, बॅश नव्हे. उबुंटूत हे २००६ च्या ६.१० पासून असंच आहे. दुहेरी चौकटी कंस, अ‍ॅरे हे डॅशला कळत नाही. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅश लिहिलं असलं तरी कोणी 'एसएच स्क्रिप्टचं नाव' असं चालवलं की ती ओळ नुसती टिप्पणी ठरते.

मीनल_पार्ले

शेलधारींना +१. पण गिरगावकर, तुमचं दुसरं लक्षण मला जास्त घाबरवतंय. आधी डबल डॅश डिलीट काढा, मग पुढचं वाचा.

मीडिया फोल्डरखाली डिस्क कोण जोडतं? डेस्कटॉपवर लॉगिन झालेल्या माणसासाठी यूडिस्क्स जोडतो. मशीन लॉगिन स्क्रीनवर उभं असेल तर रात्री २ वाजता ती डिस्क जोडलेलीच नसते. लॉगची जोड देण्याआधी, म्हणजे क्रॉनची ओळ धड होती तेव्हा, रूटच्या हक्काने एमकेडिर डॅश पी ने 'बॅकअप' नावाचं साधं फोल्डर तिथे तयार केलं आणि आरसिंकने सगळा माल मशीनच्या आतल्याच डिस्कवर ओतला. सकाळी लॉगिन झाल्यावर यूडिस्क्सला 'बॅकअप' हे नाव घेतलेलं दिसलं, म्हणून खरी डिस्क 'बॅकअप१' झाली. बाहेरची डिस्क काढून ठेवा आणि डीयू डॅश एस एच ने त्या फोल्डरचा आकार बघा. सिस्टमची डिस्क भरत चालली असेल तर तीही तिथेच भरतेय.

आता डिलीटचा धोका. हेच उलट्या बाजूने झालं तर काय होईल? एनटीएफएस डिस्क जोडलेली नाही, तिचं माउंटचं फोल्डर रिकामं आहे. आरसिंकच्या दृष्टीने ती चूक नव्हे. त्याला दिसतं ते एवढंच, की मूळ जागेत एकही फाइल उरलेली नाही. मग तो बॅकअपमधल्या सगळ्या फाइली पुसतो. सांगितलेलं काम त्याने चोख केलेलं असतं. एवढ्यासाठी दोन्ही टोकांना माउंटपॉइंट डॅश क्यू ने तपासणी हवीच. डिस्क नसेल तर स्क्रिप्टने मोठ्याने सांगून थांबलं पाहिजे.

दोन्ही डिस्क एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) घाला. एलएसबीएलके डॅश एफ ने यूयूआयडी, म्हणजे डिस्कचा न बदलणारा ओळख-क्रमांक, घ्या, एसडीबी-एसडीसी ही नावं वापरू नका. यूएसबी पोर्ट बदललं की ती बदलतात. माउंटची जागा मीडियाखाली नको, एमएनटीखाली स्वतःचं फोल्डर करा. पर्यायांत नोफेल नक्की लिहा. ते नसेल आणि एके दिवशी कोणी डिस्क काढून नेली तर मशीन सुरू होताना दीड मिनिट वाट बघतं आणि थेट इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन उभं राहतं. सोबत एक्स-सिस्टमडी डॉट डिव्हाइस-टाइमआउट १० सेकंद ठेवा. ईएक्सटी४ डिस्कचं सर्वात वरचं फोल्डर रूटच्या मालकीचं असतं, ते एकदा सीएचओनने ऑफिसच्या यूजरला द्या. मग रूटच्या क्रॉनटॅबची गरजच उरत नाही.

एफएसटॅब बदलल्यावर लगेच रीस्टार्ट करू नका. आधी सूडो फाइंडएमएनटी डबल डॅश व्हेरिफाय, मग सूडो सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड, मग सूडो माउंट डॅश ए. तिन्ही मुकाट पार पडलं की रीस्टार्ट.

कुर्ला_कर्नल

शनिवार-रविवार मेन स्विच बंद असेल तर क्रॉन त्या वेळा विसरून जातो. सिस्टमडीचा, म्हणजे लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या यंत्रणेचा, टायमर लावा.

यूजरच्या होममध्ये डॉट-कॉन्फिग, सिस्टमडी, यूजर या फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइली: एक डॉट सर्व्हिस, एक डॉट टायमर. सर्व्हिसमध्ये टाइप वनशॉट आणि एक्झेकस्टार्टमध्ये स्क्रिप्टचा पाथ. तिथे टिल्डे चालत नाही, होमसाठी पर्सेंट एच लिहायचं. युनिट फाइलमध्येही पर्सेंटला वेगळा अर्थ आहे. खराखुरा पर्सेंट हवा असेल तर दोनदा लिहावा लागतो. टायमरमध्ये ऑनकॅलेंडर आणि पर्सिस्टंट ट्रू, आणि इन्स्टॉल विभागात वाँटेडबाय टायमर्स डॉट टार्गेट. पर्सिस्टंटमुळे चुकलेली वेळ मशीन सुरू झाल्यावर भरून निघते, पण ते ऑनकॅलेंडरबरोबरच चालतं, ऑनबूटसेकबरोबर नाही.

वेळही बदला. जेवणाची सुट्टी असेल ती वेळ घ्या, समजा १३:३०. तेव्हा मशीन चालू असतं, माणसं जवळ असतात, काही बिघडलं तर दिसतं. रात्री २ ही चोवीस तास चालणाऱ्या सर्व्हरची सवय आहे, ऑफिसच्या डेस्कटॉपला ती लावायचं कारण नाही.

सुरू करताना एनेबल करायचा तो टायमर, सर्व्हिस नव्हे: सिस्टमसीटीएल डबल डॅश यूजर एनेबल डबल डॅश नाऊ, पुढे टायमरचं नाव. लॉगिन न करताही चालायला हवं असेल तर लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर. पुढची वेळ कोणती ते लिस्ट-टायमर्स दाखवतं. आउटपुट जर्नलसीटीएल डबल डॅश यूजर डॅश यू मध्ये आपोआप जमा होतं, वेगळी लॉग फाइल लागत नाही.

रीड-ओन्लीबद्दल. फाइंडएमएनटी डॅश कॅपिटल टी आणि फोल्डरचा पाथ दिला की कोणता ड्रायव्हर आहे ते कळतं. 'फ्यूजबीएलके' दिसलं तर जुना एनटीएफएस-३जी, 'एनटीएफएस३' दिसलं तर कर्नलमधला, जो ५.१५ पासून आहे. विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमध्ये शटडाउन अर्धवट असतो, डिस्क मिटलेली नसते. तशा डिस्कवर लिनक्स लिहू देत नाही आणि ते योग्यच आहे. विंडोज अजून असेल तर अ‍ॅडमिन प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ करा आणि सीएचकेडीएसके स्लॅश एफ चालवा. विंडोज काढलं असेल तर मधूनमधून रीड-ओन्ली होण्याचं कारण बहुतेक वेळा चालू असताना गेलेली वीज किंवा डिस्कचीच तब्येत. स्मार्टसीटीएल डॅश ए मध्ये रीअ‍ॅलोकेटेड आणि करंट पेंडिंग या दोन ओळी बघा. पेंडिंगपुढे शून्याहून मोठा आकडा असेल तर दुरुस्तीच्या फंदात न पडता आधी माल बाहेर काढा. एनटीएफएसफिक्स म्हणजे सीएचकेडीएसके नव्हे. ते थोडी डागडुजी करतं आणि 'पुढच्या वेळी विंडोजने तपासावं' अशी खूण करून सोडतं.

माझं मत विचाराल तर हस्तलिखितं ईएक्सटी४ वर आणा आणि एनटीएफएस कायमचं बंद करा. दुरुस्तीचं पूर्ण हत्यार ज्या सिस्टममध्ये आहे तीच ऑफिसात नसेल, तर रोजचा माल त्या फाइल सिस्टमवर ठेवू नये.

अक्षरजुळणी

ईएक्सटी४ वर आणा म्हणताय, तर 'फाइल नेम टू लाँग' आधी सोडवावं लागेल. हे फक्त आपल्यासारख्यांनाच छळतं, म्हणून इंग्रजी उत्तरांत चटकन सापडत नाही.

एनटीएफएसमध्ये नावाची मर्यादा २५५ यूटीएफ-१६ एकक. ईएक्सटी४ मध्ये २५५ बाइट. इंग्रजी अक्षर यूटीएफ-८ मध्ये १ बाइट घेतं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट. चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. मात्रा वेगळी, हलन्त वेगळा. 'महाराष्ट्र' घ्या. डोळ्यांना म, हा, रा, ष्ट्र अशी चार अक्षरं. डिस्कवर म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र ही दहा चिन्हं, म्हणजे ३० बाइट. म्हणून ईएक्सटी४ वर मराठी नावाला साधारण ८५ चिन्हं मिळतात. 'लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव, प्रकरण, दुसरं मुद्रितशोधन, अंतिम, खरोखर अंतिम' अशी नावं त्यात बसत नाहीत.

मिंट बसवताना 'होम फोल्डर एन्क्रिप्ट करा' निवडलं असेल तर ईक्रिप्टएफएस येतं आणि मर्यादा १४३ बाइटवर उतरते. म्हणजे ४७ चिन्हं. एक मशीन चालतं, दुसरं अडतं, असं दिसलं तर आधी हे तपासा.

लिब्रेऑफिस उघडलेल्या फाइलशेजारी कुलूप-फाइल करतं. तिच्या नावात पुढे-मागे मिळून ८ बाइट जास्त लागतात. म्हणून हद्द २५५ नाही, २४७ धरा. शोधायची कमांड: फाइंड डॉट डॅश प्रिंटएफ, अवतरणात पर्सेंट एफ बॅकस्लॅश एन, पाइप, मग एलसी अंडरस्कोर ऑल बरोबर सी, ऑक, आणि अट 'लेंग्थ २४७ पेक्षा मोठी'. एलसी ऑल सी दिलं नाही तर काही ऑक बाइटऐवजी चिन्हं मोजतात आणि यादी रिकामी येते. यादी आली की नावं हाताने बदला. कापणारी स्क्रिप्ट नको. दोन प्रकरणांच्या नावांची सुरुवात सारखी असेल तर कापल्यावर दोन्ही एकच होतात आणि एक फाइल दुसरीवर चढते.

गिरगावकर

डीयू चालवून बघितलं. मीनलताई म्हणाल्या तसंच आहे, आतल्या डिस्कवर 'बॅकअप' फोल्डरात ६१ जीबी पडलेत. डिलीट काढलं. लांब नावांची यादीही आली, बहुतेक दिवाळी अंकाच्या फोल्डरमधली.

अक्षरजुळणी, जाता जाता एक विचारतो. ग्रेपने जुन्या मजकुरात 'दुसऱ्या' शोधलं तर काही फाइली सापडतात, काही नाही. डोळ्यांना तोच शब्द दिसतो. आणि पेन ड्राइव्हवर काही फाइली जातच नाहीत, 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' म्हणतं. दोन्हींचा संबंध आहे का?

अक्षरजुळणी

कारणं वेगळी, मूळ एकच: पडद्यावर सारखं दिसणारं डिस्कवर सारखं नसतं.

'दुसऱ्या'मधला तो अर्धचंद्रासारखा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, ऱ म्हणजे ०९३१ आणि हलन्त. दोन, साधा र ०९३०, हलन्त ०९४डी आणि त्यापुढे न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक २००डी. ग्रेप बाइट जुळवतो, त्याच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण लावूनही हे एक होत नाहीत, त्यामुळे पायथनचं युनिकोडडेटा वापरून सुटेल या आशेवर राहू नका. ॲचंही तसंच. ०९७२ हे एकसंध चिन्ह युनिकोड ५.१ मध्ये, २००८ साली आलं. त्याआधीच्या फाइलींत अ आणि चंद्र असं वेगवेगळं किंवा हिंदीचा ऍ सापडतो.

साध्या टेक्स्ट फाइली असतील तर सेडने बदलता येतं. ओडीटी ही आतून झिप असते, तिच्यावर ग्रेप-सेड चालत नाही. लिब्रेऑफिसच्या शोधा-बदला खिडकीत रेग्युलर एक्स्प्रेशनवर खूण करा आणि बॅकस्लॅश यू ०९३०, बॅकस्लॅश यू ०९४डी, बॅकस्लॅश यू २००डी हे लागोपाठ शोधा, अंकही इंग्रजीच. पुढे य किंवा ह असेल तरच बदला. सरसकट सगळे जोडक उडवू नका. जिथे मुद्दाम अर्धं अक्षर दाखवायला तो घातलाय तिथली जुळणी बिघडेल. इथून पुढे इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे ने ऱ, मग डी ने हलन्त, मग य, असं टाइप केलंत की एकच रूप राहील.

पेन ड्राइव्ह बहुधा एक्सफॅट आहे. त्याच्यावर नावात अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारा, दुहेरी अवतरण, उभी रेघ, कोनी कंस चालत नाहीत. लिनक्सला स्लॅश सोडून सगळं चालतं. मराठीत ही चिन्हं नावात कुठून येतात? 'दुःख' लिहिताना विसर्गाऐवजी अपूर्णविराम टाइप केलेला असतो. दिसतं जवळपास तेच, पण एक्सफॅट ते नाव नाकारतो. इनस्क्रिप्टमध्ये विसर्ग शिफ्ट आणि वजाच्या कळीवर आहे. फाइंडने नावात अपूर्णविराम असलेल्या फाइली काढा, 'अंत:करण', 'स्वत:', 'दु:ख' यांची रांग लागेल.

तात्या_टर्मिनल

१०२० चं मी घेतो. या प्रिंटरच्या पोटात फर्मवेअर कायमचं राहत नाही. दर वेळी वीज दिली की संगणकाने ते यूएसबीवरून चढवावं लागतं. एचपीलिपमध्ये (एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरांच्या संचात) ते काम प्लगइन करतं, आणि प्लगइनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. अपडेटने एचपीलिप पुढे सरकलं, प्लगइन मागे राहिलं. रांग म्हणते काम झालं, कारण तिने डेटा पाठवलाय. समोर ऐकणारं कोणी नाही.

एचपी-प्लगइन पुन्हा चालवा, इंटरनेट लागेल. मग प्रिंटर बंद करून चालू करा. फर्मवेअर चढताना इंजिनाचा हलका आवाज येतो, तो आला की समजा काम झालं. मधे यूएसबी हब असेल तर काढा. याच प्रिंटरसाठी फू२झेडजेएस नावाचा दुसरा ड्रायव्हर मिळतो. दोन्ही एकाच वेळी ठेवू नका, फर्मवेअर चढवायला दोघंही धावतात.

नवखा_लोअरपरळ

धाग्यात घुसतो, माफ करा, पण विषय जवळचाच आहे. कर्नल अपडेट झालं की यूएसबी वायफाय डोंगल मरतं. आत आरटीएल ८१८८ ईयू चिप आहे. एका २०१७ च्या उत्तरातून ड्रायव्हर कंपाइल करून घातला होता. दर वेळी तेच करायचं का? वैताग आलाय.

कुर्ला_कर्नल

वैताग रास्त आहे, पण तो उपाय आता नको. मिंट २२ च्या ६.८ कर्नलमध्ये आरटीएल८एक्सएक्सएक्सयू हा आतलाच ड्रायव्हर ती चिप चालवतो. बाहेरून घातलेला त्याच्या वाटेत येतोय. बाहेरचे ड्रायव्हर दर कर्नलसाठी बांधणाऱ्या डीकेएमएसच्या स्टेटसने नाव आणि आवृत्ती बघा, डीकेएमएस रिमूव्ह करून शेवटी डबल डॅश ऑल द्या. मग ईटीसीखालच्या मॉडप्रोब डॉट डी मध्ये कोणी आतल्या ड्रायव्हरला ब्लॅकलिस्ट केलंय का ते शोधा. अशा जुन्या सूचनांत ती ओळ हमखास असते. ती काढा, रीस्टार्ट करा.

खरंच बाहेरचा ड्रायव्हर लागत असेल तर दोन कारणांनी तो अपडेटनंतर पडतो. लिनक्स-हेडर्स-जेनेरिक पॅकेज नसतं, त्यामुळे नव्या कर्नलसाठी बांधणीच होत नाही. किंवा सिक्युअर बूट चालू असतं आणि सही नसलेलं मॉड्यूल कर्नल नाकारतो. एमओकेयूटिल डबल डॅश एसबी-स्टेट विचारा. चालू असेल तर एमओके किल्ली (मॉड्यूलवरची आपली सही ओळखणारी) नोंदवावी लागते, आणि रीस्टार्टनंतर येणाऱ्या निळ्या पडद्यावर 'एनरोल एमओके' निवडावं लागतं. तो पडदा काही सेकंदच थांबतो. लोक कंटिन्यू दाबतात आणि मग ड्रायव्हरला दोष देतात.

नवं डोंगल घ्यायला लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर मॉडेलचं नाव पुरत नाही, खोक्यावरची व्हर्जन वाचा. टीपी-लिंक डब्ल्यूएन७२२एन च्या पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची एआर९२७१ चिप, दुसरीपासून रिअलटेक. नाव एक, आत दुसरंच. दुकानदाराला लॅपटॉपवर लावून दाखवायला सांगा आणि एलएसयूएसबीने आयडी बघूनच पैसे द्या.

शेलधारी

नवख्यांचा प्रश्न आला ते बरं झालं, कारण गिरगावकरांच्या ऑफिसातही उद्या हेच होणार. लिनक्सच्या मदतीत सर्वात जास्त वेळ जातो तो जुन्या उत्तरांपायी. ते उत्तर तेव्हा बरोबर होतं. आज तीच कमांड पेस्ट केली की नवा बिघाड होतो, आणि पुढचा मदत करणारा दोन बिघाडांची गुंतवळ सोडवत बसतो.

काही खुणा ठेवा. उत्तरात अ‍ॅप्ट-की असेल तर ते जुनं आहे. डेबियन १३ मध्ये ती कमांडच उरलेली नाही, किल्ल्या ईटीसी-अ‍ॅप्ट-कीरिंग्जमध्ये ठेवून साइन्ड-बाय लिहायचं. सूडो पिप इन्स्टॉल असेल तर डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' म्हणून ते अडवलं जातं. त्यावर कोणी ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस लावा म्हणेल. लावू नका, व्हीएनव्ह किंवा पिपएक्स वापरा. एक्सडूटूलने खिडक्या हलवणारी स्क्रिप्ट असेल तर आधी एक्सडीजी सेशन टाइप बघा. वेलँड (एक्स११ च्या जागी येणारी, खिडक्या पडद्यावर दाखवणारी नवी यंत्रणा) असेल तर ती वेलँडच्या खिडक्यांना हात लावू शकत नाही आणि चूकही धड सांगत नाही. सिनॅमन अजून डीफॉल्टने एक्स११ वर आहे, म्हणून तुमच्याकडे चालेल. सीएचमॉड ७७७ सांगणारं उत्तर कोणत्याही सालचं असो, बंद करा.

मदत मागताना आयएनएक्सआय डॅश एफ एक्स एक्स एक्स झेड चं आउटपुट द्या. शेवटचा झेड आयपी पत्ता, सिरियल क्रमांक वगैरे झाकतो. मशीन अडकून रीस्टार्ट करावं लागलं असेल तर जर्नलसीटीएल डॅश बी उणे १ डॅश पी ईआरआर. उणे १ म्हणजे मागचं बूट. लोक चालू बूटचा लॉग देतात आणि त्यात काहीच नसतं.

ज्यांना बॅश मुळापासून शिकायचं आहे त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पात मराठीतून धडे आहेत. ऑफिसातल्या एका तरी माणसाला ते ऐकायला लावा.

गिरगावकर

मंडळी, प्रिंटर सुरू झाला, तात्या. एफएसटॅब, टायमर झाले. नवी स्क्रिप्ट अशी, कोणी नजर टाकेल का?

पहिली ओळ बॅश. दुसरी ओळ सेट डॅश ई यू ओ पाइपफेल. मग एसआरसी (मूळ) आणि डीएसटी (बॅकअप) हे दोन पाथ. दोन्हींसाठी माउंटपॉइंट डॅश क्यू, नसेल तर नोटिफाय-सेंडने सूचना आणि एक्झिट १. मग आरसिंक डॅश ए व्ही डबल डॅश डिलीट, सोर्सपुढे स्लॅश. शेवटी महिन्याहून जुनं काही डीएसटीमधून पुसायला आरएम डॅश आर एफ.

शेलधारी

चार बदल.

डॅश ए ऐवजी डॅश आर टी व्ही, आणि डबल डॅश सीएचमॉडमध्ये डी७५५, एफ६४४. एनटीएफएसवर सगळ्या फाइली ७७७ दिसतात, डॅश ए ते परवाने तसेच ईएक्सटी४ वर नेतो आणि प्रत्येक ओडीटी एक्झिक्यूटेबल होते.

डिलीट ठेवायचंच असेल तर डबल डॅश बॅकअप आणि डबल डॅश बॅकअप-डिर जोडा, तारखेच्या फोल्डरचा पूर्ण पाथ देऊन. पुसलेली आणि बदललेली जुनी फाइल तिथे जाते. हे फोल्डर आरशाच्या, म्हणजे मूळच्या हुबेहूब नकलेच्या, आत नको, शेजारी हवं. आत ठेवलंत तर पुढच्या फेरीत डिलीट त्यालाच पुसेल. सोबत डबल डॅश मॅक्स-डिलीट २००. एका दिवसात २०० हून जास्त फाइली खरंच पुसल्या जात असतील तर माणसाने बघितलं पाहिजे. हद्द गाठली की आरसिंक पुसणं थांबवतो आणि २५ कोड देतो.

सेट डॅश ई आणि आरसिंक यांचं जमवून घ्यावं लागतं. चालू असताना एखादी फाइल नाहीशी झाली तर आरसिंक २४ देतो, आणि लिब्रेऑफिसच्या कुलूप-फाइली दुपारी दीडला हमखास नाहीशा होतात. तेवढ्यावर स्क्रिप्ट मरू नये. आरसिंकपुढे दोन उभ्या रेघा देऊन कोड आरसी नावाच्या व्हेरिएबलमध्ये घ्या. शून्य आणि २४ चालेल, बाकी सगळ्यावर सूचना. २३ म्हणजे काही फाइली गेल्याच नाहीत. लांब नावं तिथेच सापडतील.

आरएमच्या ओळीत डीएसटी रिकामं राहिलं तर काय, याचा विचार करा. २०१५ च्या जानेवारीत स्टीमच्या लिनक्स स्क्रिप्टमधली अशीच ओळ गाजली होती. व्हेरिएबल रिकामं, पुढे स्लॅश आणि तारा, यूजरच्या फाइली साफ. सेट डॅश यू न ठरवलेलं व्हेरिएबल पकडतो, रिकामं पकडत नाही. महिरपी कंसात नावापुढे अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह लिहा, मग रिकामं असलं तरी शेल तिथेच थांबतो. आणि आरएम चालवायचा तो फक्त बॅकअप-डिरच्या जुन्या तारखांवर, आरशावर कधीच नाही.

झाल्यावर शेलचेकमधून, म्हणजे स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधून, काढा. अवतरण राहिलेलं प्रत्येक व्हेरिएबल तो दाखवेल. मराठी फाइलनावांत मोकळ्या जागा भरपूर असतात, तिथेच अवतरणाविना घात होतो.

मीनल_पार्ले

दुसरी डिस्कही घ्या, आणि ती दुसऱ्या जागी ठेवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पडला. तळमजल्यावरच्या ऑफिसात मूळ आणि बॅकअप एकाच टेबलावर असतील तर दोन्ही एकदमच जातात. लोकलमधून ने-आण करणार असाल तर 'डिस्क्स' या प्रोग्रॅममध्ये फॉरमॅट करताना लक्सचा (अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करणारा) पासवर्ड लावा. तो पासवर्ड कागदावर लिहून मालकांकडे द्या.

गिरगावकर

बदल केले. शेलचेकने आणखी सात ठिकाणी अवतरण मागितलं. आज १३:३० ची फेरी झाली, आरसी शून्य. मॅक्स-डिलीट २०० लांब नावं बदलली त्या दिवशी अडेल ना? नाव बदललेली फाइल आरसिंकला पुसलेली आणि नवी अशीच दिसणार.

शेलधारी

अडेल. त्या दिवशी टायमर थांबवा, स्क्रिप्टमधली आरसिंकची ओळ हाताने डॅश एन लावून चालवा, 'डिलीटिंग' ने सुरू होणाऱ्या ओळींची यादी बदललेल्या नावांशी ताडून बघा, मग हद्द वाढवून एकदाच चालवा आणि परत २०० वर आणा.